शिकाऊ उमेदवारीसाठी आमरण उपोषण

वसईच्या तहसील कचेरीबाहेर मी अनेक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी माझ्या मसुद्यात खोट काढणारा अधिकारी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

एकदा उमेळ्याची एक मुलगी आली. बांधकाम व्यवस्थापनाच्या पदवीसाठी तिला एखाद्या बिल्डरकडे शिकाऊ उमेदवारी करणे सक्तीचे होते, अन्यथा वर्ष वाया जाणार होते. तिच्या ईमेलना कोणीही उत्तर देत नव्हते, म्हणून वसईतल्याच एका बिल्डरला कागदी अर्ज द्यायचे तिने ठरवले होते.

"काका, साधाच अर्ज लिहा हं," ती म्हणाली.

साध्या अर्जास कोणी विचारत नाही, हा माझा अनुभव. म्हणून मी शेवटी नित्याप्रमाणे लिहिले की, सात दिवसांत दखल न घेतल्यास अर्जदार बिल्डरच्या इमारतीसमोर आमरण उपोषणास बसेल. तिने न वाचताच सही केली.

तिसऱ्या दिवशी ती तणतणत आली.

"काका, मला उपाशी मारताय का? बिल्डरसाहेबांनी स्वतः फोन करून बोलावलं आणि आधी दोन वडापाव खायला लावले!"

"आणि उमेदवारी?"

"दिली. पण रोज डबा त्यांच्या समोर बसून संपवायचा, अशी अट घातलीय."

ती अट लेखी घेण्याचा सल्ला मी तिला तत्काळ दिला.