फरशीला जे जमत नाही

“नक्की कुठे होतं?” मान किंचित तिरकी करून ताई असं विचारायच्या, तेव्हा समोरच्याला वाटायचं, या आपली थट्टा करताहेत.

मलाही वाटलं होतं. कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर बसायचे, ताई आत रक्त काढायच्या. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी घरून भांडून आले होते. म्हटलं, “ताई, आज अगदी कसंतरी होतंय.”

“कुठे? घशात की छातीत?”

“मनात हो!”

“ते कळलं गं. पण शरीरात कुठे?”

मी तोंड फिरवून बसले. दुपारी डबा खाताना त्यांनीच विषय काढला. “मी चिडवत नव्हते. मला तसं काही होत नाही. कधीच झालं नाही. आई गेली तेव्हा तेरा दिवस वाट बघितली. म्हटलं, आता होईल. नाही झालं.” आणि त्यांनी आपली भेंडीची भाजी माझ्या डब्यात वाढली, मला आवडते म्हणून.

आतून भरून आलेलं लपवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई त्यांतल्याच असतील, असं समजून मी बरेच दिवस त्यांच्यावर नजर ठेवली. लपवलेलं काही सापडलं नाही.

लहान मुलं मात्र त्यांच्याकडे शांत बसायची. बाकीचे म्हणत, “काही नाही होणार हं बाळा.” ताई सांगायच्या, “दुखेल. पाच आकडे मोजेपर्यंत. मग थांबेल.” मुलं मोठ्याने आकडे मोजायची आणि सहाव्याला खरंच थांबलं का ते बघायची.

गुरुवारी त्या डोंबिवलीत अध्यात्माच्या वर्गाला जायच्या. एकदा मलाही नेलं. गुरुजी म्हणाले, सुखदुःखाच्या पलीकडे जायला हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी हात वर केला. “मी पलीकडेच आहे. पण इथे काहीच नाहीये. आता पुढे कुठे जायचं?”

हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. “विचार करून सांगतो,” म्हणाले.

पुढच्या महिन्यात वर्गातली मंडळी टिटवाळ्याला दर्शनाला गेली, मीही ताईंसोबत होते. गाभाऱ्यासमोर कुणी डोळे मिटलेले, कुणाचे भरून आलेले. ताई खाली बघत उभ्या होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, “राग नाही, लोभ नाही, मत्सर नाही, की माणूस पोचला म्हणतात. मग त्या देवळातली फरशीही पोचलेलीच आहे. म्हणजे एवढं पुरत नाही. फरशीला जे जमत नाही, ते करायला हवं.”

“काय ते?”

“उठून कुणाकडे तरी जाणं.”

मला हसू आलं. त्यांना उत्तर मिळालं होतं.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिले पंधरा दिवस घरात बसायला जागा नव्हती. नातेवाईक, सोसायटीतले, सगळे डोळे पुसत यायचे. तिसऱ्या महिन्यात बेल वाजली की ताईच असायच्या. सोमवारी आणि शुक्रवारी, लॅब सुटल्यावर. “तू झोप जा तासभर,” म्हणायच्या आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढायच्या.

त्या आजारात त्याला उठसूट रडू यायचं. टीव्हीवरची जाहिरात बघूनसुद्धा. सगळे म्हणायचे, रडू नका. ताई विचारायच्या, “भाऊजी, नक्की कुठे होतंय?” एकदा मी दारातून पाहिलं. त्याने डावा हात आधी गळ्यावर ठेवला, मग बरगड्यांखाली, मग पुन्हा गळ्यावर. “वरून खाली जातं, की खालून वर येतं?” तो रडता रडता विचारात पडला. झटका आल्यापासून, फक्त त्यालाच ठाऊक असलेलं असं काही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

एकदा मला राहवलं नाही. “ताई, आमच्याबद्दल वाईट वाटतं का हो तुम्हाला?”

“नाही.”

मला ते लागलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “वाटलं असतं तर एव्हाना ओसरलं असतं गं. तुला सोबतीला माणूस लागतं, हे कारण अजून तसंच आहे. म्हणून येते.”

वर्ष सरता सरता तो काठी घेऊन चालायला लागला, तुटक बोलायला लागला. एका शुक्रवारी ताई म्हणाल्या, “आता गरज नाही. सोमवारपासून येणार नाही.” आणि चपला घालू लागल्या. तो काठी टेकत दारापर्यंत गेला.

“ये... येत जा.”

“कारण?”

त्याच्या ओठांची खूप खटपट झाली. “आ... आवडतं.”

ताई एकाच पायात चप्पल घालून उभ्या राहिल्या.

“हे माझ्या लक्षात आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “चालेल. हेही कारण आहे.”

मग त्या महिन्यातून एकदा येत राहिल्या. दोन वर्षं.

ताई जाऊन आता आठ महिने झाले. झोपेतच गेल्या. त्याआधी पंधराच दिवस आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. संत्र्यांचे दिवस होते. नवरा त्यांच्यासाठी संत्रं सोलत बसला, उजव्या हाताने कसंबसं धरून. मी पुढे झाले तर ताईंनी हातानेच थांबवलं. अर्धा तास लागला. एकेक फोड, बिया काढून, त्याने बशीत मांडली. बशी पुढे केली. ताईंनी एक तोंडात टाकली.

“आंबट आहे,” त्या म्हणाल्या, आणि दुसरी उचलली.