बाबांच्या मरणाचं ग्रामर

शुक्रवारी जेवणानंतर इंग्रजी ईमेलचं ट्रेनिंग होतं. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसचा हॉल. एसी जोरात. पडद्यावर एक ईमेल.

माय फादर इज एक्सपायर्ड. आय वॉन्ट लीव्ह सिन्स टुडे.

ट्रेनर मॅडमनं ते मोठ्यानं वाचलं. मग हसून आमच्याकडे बघितलं.

"बिस्किटं एक्सपायर होतात. औषधं एक्सपायर होतात. फादर?"

हॉल हसला. मागून एकजण म्हणाला, "एक्सपायरी डेट नहीं देखी क्या?" मग आणखी हशा. आमचा टीम लीडर टेबलावर हात आपटून हसत होता.

ते वाक्य माझं होतं. मेलेला बाप माझा होता.

मेलवरून माझं नाव पुसलं होतं. पण तो मेल मी टीम लीडरलाच पाठवला होता. मॅडमकडे तो दुसऱ्या कोणाकडून जाणार? माझ्या शेजारी प्रणाली बसली होती. ती बाबांच्या तेरवीला उमरेडला येऊन गेली होती. हसता हसता तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

माझे बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत कंत्राटदाराच्या डंपरवर ड्रायव्हर होते. घरून काम करायचे दिवस होते तेव्हा माझा क्लायंटशी कॉल लागला की ते टीव्ही बंद करून दारात जाऊन उभे राहायचे. कोणी आलं की हळूच सांगायचे, "थांब गा, पोरगी बोलून राहिली." मी काय बोलते ते त्यांना कळत नव्हतं. पण त्यात मध्ये आवाज होऊ नये, एवढं कळत होतं.

त्यांचा श्वास कोंडायला लागला तेव्हा आम्ही त्यांना नागपूरला मोठ्या दवाखान्यात आणलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेशंट एक्सपायर झाला." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

आईनं मला विचारलं, "काय म्हणून राहिला वं डॉक्टर?"

त्या शब्दाचं मराठी मला आईला सांगावं लागलं.

मग तिथल्याच बाकावर बसून मोबाइलवर मी मेल लिहिला. डॉक्टरांनी जो शब्द दिला तोच लिहिला. माझ्याकडे त्या वेळी दुसरा नव्हता. आजपासून सुट्टी पाहिजे होती, म्हणून सिन्स टुडे. मराठीत कालपासूनही पासूनच, आजपासूनही पासूनच. इंग्रजीत त्याचे सिन्स आणि फ्रॉम असे दोन वेगळे शब्द होतात, हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. टीम लीडरचं उत्तर आलं, "नोटेड." बस. त्या एका शब्दात ग्रामरची चूक नव्हती. माणूसही नव्हता.

आणि आता तोच मेल पडद्यावर.

मॅडम पुढच्या स्लाइडवर गेल्या. डिस्कस अबाउट का म्हणायचं नाही, हे सांगायला लागल्या. मला काही ऐकू येत नव्हतं. मी उठले.

"मॅडम, मागची स्लाइड लावा."

त्यांना वाटलं, मला काही विचारायचं आहे. त्यांनी लावली.

"हा माझा मेल आहे. त्या दिवशी माझे बाबा वारले होते."

टीम लीडर म्हणाला, "अरे यार, नाव तर नाही टाकलं ना. लर्निंगसाठी आहे. दिल पे मत ले."

मी इंग्रजी जुळवायला गेले. जमलं नाही. मग जी भाषा माझ्या पोटात होती तीच बाहेर आली.

"चूक सांगायची होती तं मले एकटीले सांगायची होती. मी शिकली असती. तुमी हसले काहून? डॉक्टर हाच शब्द बोलला. त्याले कोणी हसलं का?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. बी पॉझिटिव्ह. सेशन झाल्यावर मी डिलीट करते."

"आत्ता करा."

मी खाली बसले नाही. त्यांनी सगळ्यांसमोर ती स्लाइड काढली. मी बॅग उचलली आणि बाहेर आले. जिन्यात मला रडू आलं, पण मी परत आत गेले नाही.

सोमवारी एचआरनं बोलावलं. माझा टोन बरोबर नव्हता म्हणे. मीटिंगमध्ये गावठी भाषा वापरली म्हणे. बापाच्या मरणावर हसणारे प्रोफेशनल. आणि मी गावठी. माझे क्लायंट कॉल काढून घेतले. आता दिवसभर मला डेटा भरायला बसवतात. टीम लीडर सांगून गेला, "मॅडमला एक सॉरीचा मेल टाक. पुढच्या महिन्यापासून कॉल परत देऊ."

प्रणाली म्हणते, "टाकून दे ना वं. एका ओळीचा तं मेल आहे. काय जाते?"

काय जातं ते मला माहीत आहे. त्या एका ओळीत मी कबूल करीन की हॉलमधला हशा बरोबर होता आणि माझं उठणं चूक होतं.

इंग्रजी मी शिकणार. ऑफिस सुटलं की सीताबर्डीच्या क्लासला जाते. तिथं विचारते, आर्टिकल कुठं लावायचं, प्रेझेंट परफेक्ट कधी वापरायचा. दहादा चुकते, अकराव्यांदा विचारते. ही भाषा माझ्या पोटापाण्याची आहे. ती मी कोणाच्या मेहेरबानीनं घेणार नाही आणि कोणाच्या हसण्यानं सोडणार नाही.

सॉरीचा मेल मी पाठवलेला नाही. टीम लीडरनं परवा परत आठवण केली. त्याला मी तोंडावर सांगितलं, "माफी तुम्ही मागायची आहे. माझ्या आईची. उमरेडला जाऊन."

तो गेला नाही. जाणार नाही, हेही मला माहीत आहे. पण मी माफी मागणार नाही. इंग्रजीत नाही, मराठीत नाही, वऱ्हाडीत तर नाहीच नाही. नोकरी गेली तरी नाही.