भागिरथाबाईंची साठ झाडं

उकंडरावांनी ठिबकचा संच घेतला तो मुख्यतः फोटोसाठी. अनुदान मिळायचं तर मंगरूळपीरच्या कृषी साहेबांना संत्र्याच्या बागेत नळ्या अंथरलेल्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या. साहेब गेले, आणि दुसऱ्याच दिवशी नळ्यांची वेटोळी गोठ्यातल्या खुंटीवर चढली.

"थेंबथेंब पाणी द्याले संत्रा काय दवाखान्यात भरती हाये?" असं ते पारावर विचारत, आणि पार हसे. त्यांची पद्धत राजेशाही होती. मोटर सुरू केली की बुंध्याशी तळंच साचायचं. झाडं इतक्या मनोभावे न्हाली की खोडं कुजून त्यांतून डिंक गळू लागला. उकंडरावांना ते भरभराटीचं लक्षण वाटलं.

त्यांची बायको भागिरथाबाई बचत गटातर्फे संत्र्याच्या प्रशिक्षणाला जाऊन आली होती. पुरुषमंडळी चहा पिऊन, सही करून परतली; ही शेवटपर्यंत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "नाल्याकडची साठ झाडं मले द्या."

"काहून?"

"पाहाचं हाये."

ती साठ झाडं सगळ्यात मरतुकडी होती, तेव्हा उकंडरावांनी मोठ्या उदारपणे देऊन टाकली.

तिनं खुंटीवरच्या नळ्या उतरवल्या. उंदरांनी कुरतडलेल्या जागा जोडल्या, थेंब सोडणारे बुजलेले ड्रिपर सुईनं मोकळे केले. प्रत्येक खोडाभोवती मातीचा उंचवटा केला, म्हणजे पाणी खोडाला लागू नये. नळी अंथरली ती लांब, झाडाची सावली पडते त्या कडेला. पाणी पिणारी मुळं तिथं असतात. वरून सोयाबीनचं कुटार, मळणीतून उरलेला भुसा, पसरलं.

"झाडाले गादी करून राह्यली का?" उकंडराव म्हणाले. मदत एवढीच झाली.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये विहीर खाली गेली. अर्ध्या तासात मोटर हवा ओढू लागली. उकंडरावांच्या बाजूला लिंबाएवढी फळं टपाटपा गळून पडली. नाल्याकडची साठ झाडं मात्र फळं धरून उभी होती.

साहेब पाहणीला आले. उकंडराव त्यांना सरळ त्या साठ झाडांत घेऊन गेले. "म्या सुरुवातीपासून सांगत होतो, ठिबकबिगर इलाज नाई!"

साहेबांनी वही काढली. "ड्रिपर किती लिटरचे? किती वेळ चालवता?"

उकंडराव आभाळाकडे पाहत म्हणाले, "लागन तेवढा वेळ."

"आठ लिटरचे, झाडाले चार," मागून भागिरथाबाई म्हणाली. "आता उन्हाचे साडेतीन तास, पन विहिरीत पानी येईन तसे थोडे थोडे करून. हिवाळ्यात एवढं नाई लागत. आठ दिवसांनी फिल्टर धुतो."

साहेबांनी वहीत नाव लिहिलं. ते उकंडरावांचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मंगरूळपीरच्या मेळाव्यात बोलायला तिला बोलावणं आलं. बागेचे मूळ तज्ज्ञ घरी थांबले, कारण ठिबककडे कोणीतरी बघायला हवं होतं. ती माईकसमोर उभी राहते न राहते तोच फोन वाजला.

"अवं, पानी नालीत चाल्लं सारं!"

"नळीचं टोक बंद केलं का?"

"कोन्तं टोक?"

फोन स्पीकरवर होता; आवाज माईकमधून सगळ्या मंडपात गेला. मंडप हसून लोटपोट. भागिरथाबाई हसली नाही. तिनं आधी नवऱ्याला टोक कुठं आहे ते सांगितलं, त्यानं ते बंद करेपर्यंत फोन धरून ठेवला, आणि मग समोरच्यांना म्हणाली, "लिहून घ्या. पह्यले टोक बंद करा लागते."

पुढच्या ओळीतल्या तिघा-चौघांनी खरंच लिहून घेतलं.