चीक घोटणारी

कुरडईचा चीक एकटीनं होत नाही. गहू भिजवणं, वाटणं, गाळणं, सगळं एकटीला जमतं. पण उकळत्या आधणात चीक पडताना एकीनं धार सोडायची अन् दुसरीनं लाकडी दांड्यानं घोटायचं. आमच्याकडे घोटायच्या मोठ्या जाऊबाई. लग्न होऊन जानेफळला आले तेव्हापासून मी आपली ओतणारी. गरम चिकाची पहिली वाटी घोटणारीची. वरून तेल सोडून ती तिच्या हातात द्यायची, हेही काम माझंच.

"धार बारीक सोड वं! नदी सोडून राह्यली का?" दर उन्हाळ्यात हेच. एकदा चिडून म्हटलं, "मले द्या की दांडा."

"तुले काय समजते त्यातलं? ओत मुकाट्यानं."

दोघींचे धनी गेल्यावर घरात आम्ही दोघीच होतो. या हिवाळ्यात त्याही गेल्या. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, कशाला उपद्व्याप? कुरडया विकत मिळतात." मिळतात ना! आईही मिळत असेल, तीही मागवून घे. फोन ठेवला अन् गहू भिजत घातला. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या हातचं एवढं एकच या घरात उरणार होतं, तेही बुडवू कसं?

शेजारीण लेकाकडे गेली, समोरच्या घराला कुलूप. लांबची कोणी बोलावता आली असती. पण खरं सांगते, त्यांच्या जागी दुसरी उभी राहिलेली मला बघवली नसती.

चौथ्या दिवशी सकाळी अर्धा चीक घेतला. एका हातानं ओतला, दुसऱ्यानं घोटला. मुठीएवढे गोळे झाले. सगळं उचलून गाईपुढे टाकलं अन् चुलीशी बसून रडले. इतक्या वर्षांत मी अर्धंच शिकले होते, अन् उरलेलं अर्धं त्या घेऊन गेल्या.

मग उरलेला चीक घेतला. तांब्यातून जरासा ओतायचा, तांब्या ठेवायचा, दोन्ही हातांनी घोटायचं. घट्ट झाला, पण उतरवायचा कधी? आठवलं, ओतताना मी सारा वेळ बघायचे त्यांच्याच तोंडाकडे, रागानं. बडबड करता करता त्या एकदम गप्प व्हायच्या, कान द्यायच्या. चीक पक्-पक् बोलायला लागला की पाण्यात बोट बुडवून चिकाला लावायच्या. मीही गप्प झाले. चीक बोलला. ओलं बोट लावलं, चिकटलं नाही. रागानं बघितलेलंसुद्धा साचतं, बाई!

दांडा ठेवला. वाटी भरली, तेल सोडलं अन् सवयीनं हात पुढे केला. "घ्या, जाऊबाई."

हात तसाच राहिला. मग ती वाटी मी माझ्याकडे ओढून घेतली.