फकीर चाचाचा पांढरा

जुना कॉम्प्युटर आतून कितीही धडधाकट असू द्या, त्याचा डबा बिस्किटी रंगाचा असला की गिऱ्हाईक नाक मुरडते. "हे तं माह्या मामाच्या हापिसात होतं बे गोकुळ!" असं म्हणते अन् चहा पिऊन चालतं होते. लोणारच्या बस स्टँडजवळ माह्यं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. बंद पडलेल्या शाळा-हापिसातले जुने कॉम्प्युटर उचलून आणतो, दोन-तीन मोडून एक धड करतो अन् शिकणाऱ्या पोरापोरीयले स्वस्तात देतो. आतलं काम माह्यं. पण आतलं कोण पाहते? वरचा डबा, ज्याले आम्ही कॅबिनेट म्हणतो, तो विकल्या जाये फकीर चाचाच्या हातामुळं. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो.

फकीर मोहम्मद पेंटर. जवानीत तो लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या रंगवे. त्यानं रंगवलेल्या मोराची पेटी मिळाली नाही म्हणून नवऱ्या रुसत, असं जुन्या बाया अजून सांगतात. मंग पेट्या गेल्या, कपाटं आली. चाचानं दुकानाच्या पाट्या धरल्या, त्या फ्लेक्सनं खाल्ल्या. गाड्यायच्या टाक्या रंगवल्या, त्याचंही काम कमी झालं. मी पहिला कॅबिनेट घेऊन गेलो तवा चाचानं तो चारी बाजूनं फिरवून पाह्यला, ठोकून पाह्यला अन् म्हणला, "अबे, ही तं पेटीच आहे. फक्त कडी नाही."

तवापासून आमची जोडी जमली. सरोवराच्या वाटेवर त्याचं घर, पुढं अंगण, अंगणात पत्र्याचं शेड. कोणाले डब्यावर वाघ पाहिजे, कोणाले आगीच्या ज्वाळा. कोणी म्हणे बाजूचा पत्रा कापून काच बसवा, आत रंगीत लाईट लावा, मोबाईलमधल्या फोटोत दिसते तसं. चाचा सगळं करे. एका नवरदेवानं तं होणाऱ्या बायकोचं नाव गुलाबाच्या वेलीत लिहून घेतलं होतं. लग्न मोडलं, अन् तो डबा परत आणून मलेच म्हणते, नाव बदलून द्या! चाचा पोट धरधरून हसला होता त्या दिवशी.

अन् खरं सांगू काय, त्यातलं अर्धं काम अमीना चाचीचं होतं. डब्याचं पुढचं प्लॅस्टिकचं तोंड काढा, साबणानं धुवा, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासा, जिथं रंग नाही लागला पाहिजे तिथं रद्दी चिकटवा, हे सगळं ती करे. बारीक वेलबुट्टीही तिच्याच हातची. जुनं प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडलेलं असते, ते घासून घासून ती विचारे, "पाहा हो, निघालं का?" चाचा ते तोंड दारातल्या उजेडात धरे अन् सांगे, "नाही. पिवळं आहे अजून." ती मुकाट्यानं पुन्हा घासाले बसे. बाकी सगळ्या गोष्टीत ती त्याचं एक चालू देत नव्हती. रंगाच्या बाबतीत मात्र चाचाचा शब्द शेवटचा. मी काडीसारखा, मले तं ती पाह्यल्या पाह्यल्या सोलून काढे. "गोकुळ, वाऱ्यावावधानाचं घराबाहेर पडत जाऊ नको रे. उडून गेला तं तुह्या बायकोले काय सांगू?"

मागच्या साली उंद्रीच्या सुचितानं घरी ऑनलाईन फॉर्म भराचं काम सुरू केलं. तिले कॉम्प्युटर पाहिजे होता अन् डबा पाहिजे होता पांढरा. शुद्ध पांढरा, वर काही नको. मी म्हणलं सोपं काम आहे. आठवड्यानं आणाले गेलो तं चाचानं मोठ्या ऐटीत फडकं बाजूले केलं, अन् खाली डबा चक्क आभाळी!

"चाचा, मी पांढरा सांगतला होता."

"मंग हे काय आहे?"

"हे निळं आहे."

"डोळे तपासून घे बे."

पांढऱ्यात निळ्याचे दोन थेंब टाकले की पांढरा अजून उजळ दिसते, ही पेंटरलोकायची जुनी रीत. चाचानं दोन थेंब टाकले असतीन. त्याले रंग पिवळसरच दिसला. अजून दोन टाकले. तरी पिवळसर. असं करत करत अर्धी बाटली रिकामी केली त्या माणसानं! माह्यं डोकं लवकर फिरते, मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. मधात चाची आली.

"गोकुळ बरोबर म्हणून राह्यला. मले तं कवाचाच निळा दिसून राह्यला, पण म्हणलं रंगातलं मले काय समजते? यायच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरनं मागंच सांगतलं ऑपरेशन करा. ऐकतच नाहीत."

"शेषराव पेंटरचा डोळा गेला ऑपरेशनात," चाचा म्हणला. "माहा गेला तं? काय करू मंग, मशिदीसमोर बसू?"

"मी काय मेली आहे का? मी दाखवीन रस्ता," चाची म्हणली.

ऑपरेशन काही झालं नाही. मी पांढऱ्याची ऑर्डर घेणं बंद केलं. काळा, लाल, हिरवा त्याले बरोबर जमे, तेच देऊ लागलो. मोतीबिंदू पिकला की माणसाले सगळं जग मळकट पिवळं दिसते, हे मले तवा माहीत नव्हतं. त्यालेही नव्हतं. हळूहळू होते ते. ज्याले होते त्याले वाटते, जगच जुनं होऊन राह्यलं.

दिवाळीनंतर मी जुना माल आणाले अकोल्याकडं गेलो, तिकडंच दोन-अडीच महिने अटकलो. आल्यावर तीन डबे घेऊन चाचाकडं गेलो. चाची अंगणात बाजेवर बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकचं तोंड, हातात पॉलिश पेपर, पण हात चालत नव्हता. माह्या पावलाच्या आवाजानं तिनं मान वर केली. डोळ्यातला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. तळहात पिवळे. गळ्याची हाडं वर आलेली.

"चाची, हे काय? आरशात पाह्यलं का तुमी?"

"पाह्यलं ना," ती म्हणली. "मलेही पिवळं वाटलं होतं. म्हणून यायले विचारलं. दोन-तीनदा विचारलं. हे म्हणले, काही नाही, तुह्या रंगाले काही झालं नाही, थकली असशीन. मंग म्हणलं आपला आरसाच जुना असन. रंगातलं यायच्यापेक्षा कोणाले जास्त समजते?"

शेडमधून चाचा बाहेर आला, हातात रंगाची गन तशीच. "कोण पिवळं? कुठं पिवळं आहे बे?"

मी चाचीकडं बोट केलं. त्यानं गन खाली ठेवली, चाचीची हनुवटी धरली अन् तिचं तोंड उन्हाकडं केलं. लय वेळ पाह्यलं. मंग खांद्यावरचं धुतलेलं फडकं घेतलं अन् तिच्या डोळ्याजवळ धरलं. पेंटर माणूस, एका रंगाजवळ दुसरा धरूनच त्याले फरक समजे. एकदा फडक्याकडं पाहे, एकदा तिच्या डोळ्याकडं.

"गोकुळ, हे फडकं कसं आहे?"

"पांढरं."

"अन् हिचे डोळे?"

माह्यानं सांगवलं नाही. पण न सांगून काय होते? तो तिथंच जमिनीवर बसला. "मले दोन्ही सारखंच दिसून राह्यलं," म्हणला. असा आवाज मी त्याचा कवा ऐकला नव्हता.

आम्ही तिले बुलडाण्याले नेलं, तिथून संभाजीनगरले. पित्ताच्या नळीत गाठ होती अन् ती पसरली होती. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. चाचानं विचारलं, "दोन महिने आधी ती पिवळी असन का साहेब?" डॉक्टर म्हणाले, "थोडी तरी असणारच. घरच्यांना दिसायला हवं होतं."

मले असा राग आला त्या डॉक्टरचा! अरे, असं तोंडावर बोलते काय कोणी? पण त्याले तरी काय माहीत, समोर कोण बसलं आहे अन् आयुष्यभर यानं काय काम केलं.  परतताना बसमध्ये चाचीच त्याले म्हणत होती, "काही खाल्लं नाही तुमी सकाळपासून, केळं तरी खा."

सुरतेहून मलिहा आली, त्यायची एकुलती एक पोरगी. तिनं मायचं सगळं हातात घेतलं. चाचानं रंगाले हात लावणं सोडून दिलं. मी नेलेले डबे शेडमध्ये तसेच बिस्किटी पडून राह्यले, अन् मीही ते मागाले गेलो नाही.

चाचीनं मात्र एकच धोशा लावला. ऑपरेशन करून घ्या. मी आहे तोवर करून घ्या.

"आता काय करू करून?" चाचा म्हणे. "जवा पाहाचं होतं तवा दिसलं नाही. आता काऊन पाहू?"

"माह्याकडं पाहा लागते म्हणून."

"नाही पाहाचं मले तुले अशी."

"मंग कशी पाहसान? मातीत गेल्यावर?"

तरी तो हलेना, तं चाचीनं औषध घेणं बंद केलं. मलिहा रडली, ओरडली. चाचीनं तोंडच मिटून घेतलं. शेवटी चाचानंच मले फोन केला. "चाल बे गोकुळ. ही बाई मले सोडत नाही."

डोळ्याच्या दवाखान्यात मीच सोबत होतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली अन् तिथल्या सिस्टरनं चार-चारदा बजावलं. महिनाभर डोळ्याले पाणी लागू द्याचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, चोळाचं नाही, रडाचं नाही, थेंब वेळेवर टाकाचे. चाचा हो हो म्हणत होता अन् भिंतीकडं पाहत होता. भिंत पांढरी होती. "एवढा पांढरा असते काय रे?" असं म्हणला अन् मंग गावापर्यंत त्यानं गाडीच्या बाहेर पाह्यलं नाही.

घरी चाची तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, अंगावर लाल ओढणी. पण खिडकीकडं पाठ करून बसली होती. रंगाच्या घरात राह्यलेली बाई, उजेड कुठून येते अन् तोंडावर कसा पडते, तिले बरोबर समजत होतं. मलिहा आत चहा ठेवत होती. मी दारातच उभा राह्यलो.

चाचा तिच्यापुढं बसला. त्यानं तिले खांद्याले धरून हळूच उजेडाकडं फिरवलं. तिनं पहिले डोळे मिटून घेतले, मंग उघडले. चाचा पाहत राह्यला. कपाळ पाह्यलं, डोळे पाह्यले, हात उचलून नखं पाह्यली. त्याची हनुवटी थरथराले लागली.

"हां हां," चाची घाईघाईनं म्हणली. "रडाचं नाही. पाणी येऊ देऊ नका, डोळा खराब होईन."

"अमीना..."

"नाही म्हणलं ना! सिस्टरनं काय सांगतलं? महिनाभर नाही. माह्या गळ्याची शपथ आहे तुमाले. एवढ्या मुश्किलीनं उजेड आला, तो माह्यापायी घालवता काय?"

त्यानं दोन्ही ओठ दातात दाबले, मान वर केली अन् आढ्याकडं पाहत बसला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. मले तिथं उभं राहवलं नाही, मी अंगणात येऊन पोटभर रडून घेतलं. माह्या डोळ्याचं काही ऑपरेशन झालं नव्हतं.

नंतरचे थोडेच दिवस मिळाले त्यायले. चाचा तिच्या बाजेजवळून उठेना. सारखा तिच्या तोंडाकडं पाहत राहे. एका शुक्रवारी सकाळी ती गेली.

जनाजा निघाला, कब्रस्तानात माती दिली, सगळं झालं, पण चाचाच्या डोळ्यातून थेंब नाही निघाला. आढ्याकडं पाहे, आभाळाकडं पाहे, दात आवळे, अन् वेळ झाली की खिशातून बाटली काढून डोळ्यात औषध टाके. लोकायले तेवढंच पाहिजे होतं. बाई गेली अन् हा डोळ्याची दवाई टाकून राह्यला! कोणी म्हणे पत्थर आहे, कोणी म्हणे पहिलेपासूनच असा. मी दोघा-तिघायची कॉलर धरणार होतो, चाचानं माहा हात धरला.

मलिहाले तं ते सहनच झालं नाही. सगळ्यायसमोर म्हणली, "अब्बा, अम्मीसाठी एक थेंबही नाही तुमच्याजवळ?" मी सांगाले गेलो, चाचानं डोळ्यानंच मले चूप केलं. नंतर मी विचारलं, काऊन सांगू देत नाही पोरीले? तो म्हणला, "काय सांगू? तुह्या मायनं जाता जाताही माह्या डोळ्याचीच काळजी केली, अन् माह्या डोळ्यापायीच गेली? राहू दे. रागावू दे तिले."

महिना झाल्यावर दवाखान्यात दाखवाले नेलं. मलिहा सोबत होती, पण बापाशी बोलत नव्हती. डॉक्टरबाईनं यंत्रातून पाह्यलं, खूश झाली. "छान झालाय डोळा, आजोबा. थेंब बंद करा. आता डोक्यावरून आंघोळ करा, पाणी गेलं तरी हरकत नाही."

चाचा उठला नाही. "बाई, अन् आतून आलं तं?"

"आतून काय?"

"पाणी."

डॉक्टरबाई हसली. "आतून आलं तरी चालेल."

"पक्कं?"

"हो, पक्कं."

चाचानं मान हलवली. चप्पल घातली, मले मागं सारून व्हरांड्यात आला. तिथं हिरव्या पट्ट्या बांधलेले म्हातारे-म्हाताऱ्या रांगेनं बसले होते. त्यायच्या मधातल्या बाकावर तो बसला अन् "अमीना गं" म्हणून असा फुटला की सगळा व्हरांडा चूप झाला. मलिहा माह्या तोंडाकडं पाहाले लागली. "आता? आता काऊन?" मी तिले सांगतलं. जे होतं ते सगळं सांगतलं.

ती धावत गेली, बापाजवळ बसली अन् ओढणीनं त्याचे डोळे पुसाले लागली. चाचानं तिचा हात धरून बाजूले केला.

"राहू दे बेटा," म्हणला, "आता डॉक्टरनं हो म्हणलं आहे."