काचेची पेटी बुक होती

आधी फ्लोरीमावशीचं नाव लिहिते. पाचूबंदरची ख्रिस्ती कोळीण. वसईच्या एका खाजगी दवाखान्यात अठरा वर्षं बाळंतिणींचं आणि बाळांचं करणारी. माझी मुलगी तिच्यामुळे आहे. ज्याच्यामुळे ती नसती, त्या डॉक्टरचं नाव इथे लिहीत नाही. ते मला तोंडाने घ्यायचंय. चारचौघांत.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्यामागे विरारला आले. तो एका अर्धवट बिल्डिंगवर वॉचमन, मी त्या दवाखान्यात झाडलोटीला. इथे माझं कुणी नव्हतं, म्हणून कुणी नीट बोललं तरी मला उपकार वाटायचे. डॉक्टर "जेवलीस का गं?" म्हणाले की दिवसभर बरं वाटायचं. एवढी वेडी.

दवाखान्यात काचेची पेटी होती. दिवस भरायच्या आत झालेलं बाळ तिच्यात उबेला ठेवतात. तेव्हा आमच्याकडे अशी पेटी सहज मिळायची नाही. बागायतवाले, फ्लॅटवाले सुनेचे दिवस भरत आले की ती आधीच सांगून ठेवायचे. लागली तर असावी म्हणून. मी रोज सकाळी ती फडक्याने पुसायची. बहुतेक वेळा रिकामीच.

माझा सातवा महिना सरत होता. जिना पुसताना अंगावरून पाणी गेलं. मुलगी झाली. एवढीशी. कातडी पातळ, रडणं मांजराच्या पिलासारखं. तळवे निळे पडत चाललेले.

"साहेब, पेटीत ठेवा."

"पेटी बुक आहे."

जिच्यासाठी बुक होती, त्या बाईला अजून वीस दिवस होते. पेटी माझ्या डोळ्यांसमोर. रिकामी.

"साहेब, मी रोज पुसते ती."

ते हसले. "पुसतेस म्हणून तुझी झाली का?"

डॉक्टरांची बायको काउंटर सांभाळायची. ती सिस्टरला म्हणाली, माझ्यादेखत, "ह्या लोकांना काय, पुढच्या वर्षी दुसरं होतं."

मग हुकूम झाला, मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात एवढ्या लहान बाळाची सोयच नव्हती. मुंबईपर्यंत पोर गार पडणार हे त्यांना ठाऊक होतं. मलाही. मी हात जोडले. हे लिहायला लाज वाटते, पण जोडले. पाया पडले. दोन तासांची बाळंतीण, फरशीवर.

फ्लोरीमावशीने दंडाला धरून मला उठवलं. "ऊठ गो. त्याच्या पायात काय ऊब हाय?"

तिने पोरीचं दुपटं सोडलं, माझ्या ब्लाऊजची बटणं काढली, पोरीला माझ्या छातीवर पालथं ठेवलं. डोक्याला टोपरं. वरून स्वतःची ओढणी घट्ट बांधली. "हितंच ठेव. पानी प्यायला उठलीस तरी काढायची नाय."

रिक्षाने तिने आम्हाला आपल्या घरी नेलं. तेवीस दिवस पोर अंगावरून उतरली नाही. मी न्हायला गेले की मावशी तिला स्वतःच्या छातीशी बांधायची. दूध पिळून चमच्याच्या टोकाने, थेंब थेंब. मध्येच पोरीचा श्वास थांबायचा, माझाही थांबायचा. मावशी तिच्या तळपायाला टिचकी मारायची. परत सुरू.

मासळी विकून येताना शेजारीण दारात डोकावायची. "काय गो फ्लोरी, घाटावरची कोंबडी अंड्यावर बसवलीस काय?"

"बसवलीय. तू कलकल नको करू, अंडं दचकेल."

त्या घरात मी हसायला लागले.

मग वजन करायला मावशीबरोबर दवाखान्यात गेले. तिथे नवा मजला सुरू होणार होता, म्हणून पेपरवाला आलेला. बुकिंगवालीला पूर्ण दिवसांचं, गुटगुटीत बाळ झालं होतं. पेटी लागलीच नव्हती.

डॉक्टर पोरीकडे बघत राहिले. "अरे वा, जगली की! दोन मिनिटं पेटीत ठेव. फोटो घेऊ दे."

त्यांच्या बायकोने हात पुढे केले. "दे गं सोनुलीला."

खरं सांगते, माझे हात ओढणीची गाठ सोडायला गेले. सवय. साहेब म्हणाले की करायचं. गाठ अर्धी सुटली. पोरीच्या पाठीला वारा लागला आणि ती आक्रसली.

मी गाठ आवळली.

"नाही. पेटी बुक आहे."

पेपरवाल्याला गंमत वाटली. डॉक्टरला कळलं. "कुणाचं मीठ खातेस, विसरलीस?"

मावशी मध्ये आली. "डाक्टर, पोर हिच्या अंगावर जगलीय. खोटा फोटू नको."

दोघींना त्याच दिवशी काढलं. अठरा वर्षं, एका वाक्यात. पेपरात फोटो आला तो दुसऱ्याच बाळाचा. चांगलं भरलेलं बाळ, पेटीत झोपवलेलं. खाली छापलेलं: कमी दिवसांच्या बाळाला जीवदान.

मुलगी आता चौथीत आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात लहान, आजारी बाळांसाठी वेगळा कक्ष व्हायचाय. त्याची सभा ठेवलीय आणि सल्ला द्यायला त्याच डॉक्टरला बोलावलंय. शाल, नारळ, सगळं.

नवरा म्हणतो, "सोड ना आता, पोरगी जगली ना."

नाही सोडत. माझी जगली म्हणून मी गप्प बसायचं, तर ज्यांची रस्त्यात गार पडली त्या बायांनी काय करायचं? त्या कक्षात पेट्या यायलाच हव्यात. ज्या बाळाला गरज, त्याला पेटी. सांगून ठेवणं बंद. आईला बाहेर काढायचं नाही, बाळाजवळ तिला खुर्ची हवी. हे मी सभेत उभी राहून बोलणार. मग त्याचं नाव घेणार आणि त्या दिवशी तो काय म्हणाला ते शब्द न् शब्द सांगणार, त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत.

आणि फ्लोरीमावशी, तुला शब्द देते. बाळ छातीशी कसं बांधायचं ते त्या कक्षातल्या सिस्टरांना तू शिकवशील. मी तुला तिथे नेऊन उभी करीन. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या, पण करीन. आणि ज्याने तुला काढलं, त्याला पहिल्या रांगेत बसवीन. शिकायला.