कापलेले हुंकार

"दर चार ओळींनी 'हूं'. कादंबरी आहे की टेलिफोन?" अण्णांनी प्रूफं माझ्या टेबलावर आपटली. प्रूफं म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं.

अण्णा आमच्या प्रकाशनाचे मालक. नव्वदच्या दशकात सुरतेत मराठी कादंबऱ्या विकणं म्हणजे वाळवंटात होड्या विकणं. मी तिथला संपादक, शिवाय पॅकरही. अण्णांची लाल पेन्सिल अशी धारदार की, तिने सुरतेतला उधन्याचा पूल कापला असता.

कादंबरी भिलाची. उधन्यात पॉवरलूमवर काम करणारा खानदेशी माणूस. त्याचे वडील लूमवरची पाळी संपली की ओट्यावर गोष्टी सांगत. खानदेशात गोष्ट ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचं असतं. त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा थांबला की सांगणाराही थांबतो. वडिलांना हुंकारा भिलाची आई द्यायची. ती अशीच, ऐकता ऐकता गेली.

भिलाने कादंबरी तशीच लिहिली होती. शेवटच्या प्रकरणात हूं येणं थांबतं, तरी नवरा सांगतच राहतो. मरणाबद्दल एक अक्षर नाही.

"अण्णा, हूं काढले तर बाई मरतच नाही."

"मग चांगलंच झालं की. आणि सोळा पानांचा कागद वाचतो."

हेच अण्णा लोककथेच्या थोरवीवर तासभर भाषण ठोकत, माईक गरम होईपर्यंत.

मी भिलाला अण्णांशी भांडायला बोलावलं. तो भांडला नाही.

"काढा, साहेब. बाची छाती पार गेली आहे. तो आहे तोवर पुस्तक निघू द्या."

पहिली प्रत घेऊन मी लिंबायतला भिलाच्या घरी गेलो. म्हातारा खाटेवर पडलेला. भिला वाचू लागला. चार ओळी झाल्या आणि खाटेवरून आवाज आला, "हूं."

अण्णांनी कापलेला एकेक हूं म्हातारा खोकल्यातून परत देत होता. मला ते पेन्सिलने परत लिहायची गरजच उरली नाही.

शेवटचं प्रकरण आलं. म्हातारा गप्प झाला. भिला सवयीने थांबला. मी खाटेकडे धावलो. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते, पाण्याने भरलेले. त्याने हातानेच खूण केली, वाच. भिलाने शेवटपर्यंत वाचलं. कोणी हूं म्हटलं नाही.

म्हातारा त्याच हिवाळ्यात गेला. पुस्तक पडून राहिलं. एका परीक्षणात आलं, शेवट कळत नाही. खरंच होतं ते.

तेव्हापासून शब्द कापण्याआधी मी पान कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवतो. समोरून हूं आला की पेन्सिल खाली ठेवतो.